तंबाखूच्या वासाचं धोतर

माझी धाकटी बहीण वासावरून घर ओळखायची. तिच्या अंगाखाली पसरायला मी गावातून जुनी धोतरं मागून आणत असे. ती डोळे मिटून एकेका कपड्याला नाक लावायची आणि सांगायची, "हे तेल्याचं. हे कुंभाराचं, मातीचा वास येते. अन् हे तंबाखूवालं!" तंबाखूवालं म्हणजे पाटलांच्या घरचं. ते सगळ्यांत मऊ असे, म्हणून ते पाठीखाली. बाकीची पायांखाली.

आमचं गाव अकोल्याहून बाळापूरला जाणाऱ्या वाटेवर होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, ती चारांची. जन्मली तेव्हाच तिच्या पायांना कातडी नव्हती. सुईण घाबरून बाजूला झाली होती, असं माय सांगे. पुढं पायांवर कातडी आली, पण ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बोट जरा जोरानं लागलं की पाण्याचा फोड. कूस बदलली की फोड. फोड फुटला की तिथं चट्टा, आणि चट्ट्यावर जाडंभरडं काही घासलं की पुन्हा रक्त. हाताची बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून माय प्रत्येक फटीत कपड्याची पट्टी घालून ठेवी. लोक देवीचा कोप म्हणत. पण वलगावला, मायच्या माहेरी, तिच्या चुलत्याचं एक पोर असंच होऊन गेलं होतं. आणि माय ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे दोन्हीकडचं रक्त एकच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

असल्या दुखण्याला किती पैसा लागतो ते पाहिल्याशिवाय कळत नाही. बाळापूरचा हकीम झाला, अकोल्याचा वैद्य झाला. वैद्यानं शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप लावायला सांगितलं. काशाच्या ताटात तूप घ्यायचं, पाणी घालून तळहातानं फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं. शंभर वेळा. तूप पांढरंशुभ्र होई आणि निम्मं हाताला लागून जाई. ते चार दिवस पुरत नसे. ज्वारीची भाकरी तिच्या तोंडाला टोचे, घशातून रक्त येई, म्हणून तिच्यासाठी तांदूळ. आमच्या मुलखात तांदूळ पाहुण्यांसाठी आणतात; आमच्या घरी तो रोज शिजे आणि बाकीच्यांच्या पानात कधी पडत नसे. शिवाय एक माणूस कायम तिच्याजवळ लागायचं. त्यामुळं माय वेचणीला जाऊ शकत नसे, आणि आमच्याच वावरात मजुरीच्या बाया लावाव्या लागत.

तेवढ्यात कापसाला तेजी आली. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस बंद झाला होता, एवढं आम्हाला समजलं होतं. ज्या बाया वेचलेल्या कापसातला मूठ-दोन मुठींचा वाटा घेऊन हसत घरी जात, त्या आता वाटा वाढवून मागू लागल्या. सगळ्या शिवारात कपाशीच कपाशी झाली. ज्वारी कोणी पेरीना, मग कडबा कुठून येणार? आमची दुभती गाय बाबांनी त्याच साली विकली, आणि तूप विकत घ्यायची वेळ आली. गावात मात्र घरोघरी डागदागिने घडत होते. आमचाही कापूस चांगल्या भावानं गेला. बाबा एकदाच बोलले, तेही बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, जणू बैलालाच सांगत होते: "लोकाच्या घरात सोनं येऊन राह्यलं, अन् आपलं तुपात चाल्लं." धाकटीनं आतून ऐकलं. ती म्हणाली, "बाबा, मंग मलेच इका ना! तुपात तळलेली हावो मी!" बाबा हसले आणि लगेच बाहेर गेले.

एकच गोष्ट आम्हाला फुकट मिळत होती, ती म्हणजे जुना कपडा. नवा कपडा कितीही भारी असला तरी तिच्या अंगाला कानशीसारखा लागे. दहा वर्षं अंगावर वापरलेलं, शेकडो वेळा नदीवर आपटलेलं, विरलेलं धोतर लागे. असं धोतर बाजारात मिळत नाही. ते मागूनच आणावं लागतं.

आणि मागावंच लागतं. आमच्याकडं न मागता कोणाच्या दारात जुना कपडा नेऊन ठेवत नाहीत. तसं केलं तर आपल्या घरातली पीडा कपड्याला बांधून दुसऱ्याकडं लोटली, असा अर्थ होतो. आजारी लेकरू असलेल्या घरी तर कोणी असं स्वप्नातसुद्धा करणार नाही. ज्याला हवं त्यानं दारात उभं राहून तोंडानं मागायचं आणि मूठभर ज्वारी द्यायची. मग घरच्या बाईनं आपल्या हातानं कपडा द्यायचा. एवढं झालं की कोणाचं कोणाला काही लागत नाही. माय घर सोडू शकत नसे, म्हणून ज्वारीची मूठ घेऊन मी जात असे.

मला ते फार जड जाई. दारात उभी राहिले की शब्द घशातच राहायचे. पाटलांच्या घरी तेवढं सोपं होतं. पाटील नात्यानं बाबांचे थोरले चुलतभाऊ. त्यांची बायको, आमची काकी, मला पाहिलं की मी बोलायच्या आधीच म्हणायची, "बोल वं, बोल. तोंडानं बोलल्याबिगर देता येत नाई मले." मी पुटपुटायची, ती हसून गाठोडं द्यायची.

त्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर कापूस घ्यायला आलेले अमरावतीचे चार-पाच दलाल बसले होते. अंगणात गाड्या सोडलेल्या, तागडी टांगलेली. पाटील नव्हते. काकी आत मागच्या बाजूला होती. आत जायचं तर त्या माणसांमधून जावं लागत होतं. एकानं विचारलं, "काय पाह्यजे वं पोरी?"

मी खाली पाहून म्हणाले, "जुनं धोतर."

"काय?"

"जुनं धोतर."

"कोनाची तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. त्यानं मांडीवर थाप मारली. "अरे, परवाच हिच्या बापाचा कापूस जोखला ना आपन! दोन गाड्या! अन् पोरगी चिंध्या मांगत फिरून राह्यली!"

दुसरा म्हणाला, "चिंध्यायचाच हुंडा देतो का काय बाप तुह्या नवऱ्याले?"

सगळे हसले. वाईट मनानं नसतील हसले. पैसा हातात खेळत होता, सगळ्यांनाच हसू येत होतं त्या दिवसांत. माझ्या मुठीतली ज्वारी खाली सांडली. ती वेचायला मी वाकले तर आणखी हसले. मी तशीच वळले आणि नाल्याकाठच्या पिंपळामागं जाऊन बसले. घरी जायला हवं होतं. पण रिकाम्या हातानं काय सांगायचं, याचा विचार करत बसले.

घरी गेले तेव्हा माय धाकटीच्या गुडघ्यावरची पट्टी पाणी घालून सोडवत होती. तिनं वर न पाहता हात पुढं केला. मी म्हणाले, "काकी नाही म्हणाली."

माय थांबली. "नाई म्हनाली? तिनं सोता?"

इथं मला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. पण मी त्या खोट्याला आणखी एक टेकू दिला. म्हणाले, "म्हणे, कपडा लय महाग झाला आता. आमालेच पुरत नाही."

हे खोटं पटण्यासारखं होतं, तेच वाईट झालं. कपडा खरोखरच महाग झाला होता. आमचा कापूस जितका चढला तितकं लुगडं चढलं होतं. कुंभारानं आणि तेल्यानं धोतरं फाटेपर्यंत वापरायला सुरुवात केली होती. मायनं मान हलवली. "मोठ्या बाईबी असं बोलल्या," एवढंच म्हणाली. काकीला ती मोठ्या बाई म्हणे. मला पुन्हा पाटलांकडं पाठवलं नाही. मला त्याचं बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. तरी पुढं कधी कधी मी त्या पिंपळामागं जाऊन बसे.

धाकटी दोन दिवसांनी म्हणाली, "तंबाखूवालं काहून नाई आनलं?"

मी म्हणाले, "संपलं."

"पाटीलबुवा नंगा फिरते का मंग?" ती हसू लागली, आणि हसताना ओठ फाटला.

पंधरा-वीस दिवसांनी विहिरीवर काकी भेटली. बाबा धाकटीजवळ बसले होते, म्हणून मी मायबरोबर होते, डोक्यावर घागर. काकी म्हणाली, "काहून वं, पोरगी येत नाई आताशी? का श्रीमंत झाल्या तुमी?" ती नेहमीसारखीच चेष्टेनं बोलली होती. मायला तो टोमणा वाटला. ती म्हणाली, "तुमच्याकडच्या कपड्याचा भाव चढला ना, मोठ्या बाई. आमाले कसा परवडन?"

काकीचं तोंड उतरलं. आपण जुन्या कपड्याचा भाव करतो असं कोणी तोंडावर बोलल्यावर काय करणार? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली विहिरीतलं पाणी पाहत राहिले. तिघींमध्ये एकट्या मला दोन्हीकडचं माहीत होतं, आणि मी नऊ वर्षांची असले तरी मला ते नीट कळत होतं. दोरी वर आली, घागर भरली, माय निघाली. त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. कपाशीची पहिली बोंडं उमलली की आमच्या बाया वावरात जाऊन झाडांवर दहीभात शिंपडतात. त्या साली मायनं काकीला वगळून दुसऱ्या बायांना बोलावलं.

मग पैसे जाऊ लागले ते निराळेच. बाबा गाडी घेऊन अमरावतीला गेले आणि तिथून विलायती मलमल आणली, कारण त्यापेक्षा मऊ नवा कपडा नव्हता. ती राखेच्या पाण्यात उकळली, रिठ्यानं धुतली, माय आणि मी आठ-आठ दिवस ती दगडावर आपटत राहिलो. तरी तिची खळ पुरती निघाली नाही. धाकटीच्या पाठीवर नवा चट्टा पडला, मग दुसरा. पुन्हा मलमल, पुन्हा तूप. पुढं मायनं आपलं लग्नातलं लुगडं फाडलं. ते तेवढं मऊ होतं. ते फाडताना तिनं माझ्याकडून दुसरं टोक धरवून घेतलं होतं. शेवटी तिच्या पायातले तोडे गेले. भरीव चांदीचे होते. ते माझ्या लग्नात मला द्यायचे, असं मी जन्मल्यापासून ठरलेलं होतं. सोनाराकडं जायच्या आधी मायनं ते माझ्यापुढं धरले आणि म्हणाली, "बाई, तुह्या वाटचे हायत. इकू का?" माझी परवानगी मागत होती ती. मी "इक" म्हणाले. मग ती माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मोठी गुनाची माही लेक."



पाठीवरचे चट्टे चिघळले. उन्हाळ्यात ताप आला, तो गेलाच नाही. धाकटी पाचवं संपायच्या आत गेली. त्याच सुमाराला तिकडची लढाई सरल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. गावात सगळी घरं रडत होती, म्हणून आमचं रडणं वेगळं ऐकू आलं नाही. वैद्य बाबांना म्हणाला, अशी लेकरं जगत नसतात, तुम्ही पुष्कळ केलं. असेल तसं. मलमलीनं ती गेली असं मी म्हणू शकत नाही. पण ते वर्षभर ती मऊ कपड्यावर निजू शकली असती, एवढं नक्की. आणि तोडे राहिले असते, लुगडं राहिलं असतं, आणि मायला एक मैत्रीण राहिली असती.

तिसऱ्या दिवशी काकी भेटायला आली. मायनं तोंडावर पदर ओढून घेतला आणि तिच्याकडं पाठ केली. काकी थोडा वेळ उंबऱ्याशी बसली आणि उठून गेली.

मायचा भाऊ अमरावतीत राहत होता. मी घरात गप्प गप्प असते म्हणून तो मला घेऊन गेला. तिथं मुलींची शाळा निघाली होती. चार यत्ता शिकले. लोकांना वाटे, बहिणीच्या दुःखानं मुकी झाली. अकोल्यात लग्न ठरलं तेव्हा बहिणीच्या दुखण्याविषयी सासरी कोणी बोललं नाही, मीही नाही. तोड्यांशिवाय लग्न झालं. सासूनं पायांकडं पाहिलं आणि म्हणाली, "तेजीच्या दिवसांत कापूस इकला म्हनत होते तुहे बाबा." मी ऐकून घेतलं. तेवढं तरी मी ऐकायलाच हवं होतं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. सुईणीनं माझ्याजवळ ठेवताच मी तिच्या पोटरीवर अंगठा दाबून धरला आणि मग काढला. लाल वळ उठला, थोड्या वेळानं मावळला. फोड आला नाही. मी रात्रभर तो पाय पाहत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी माय नदीवर धुणं घेऊन गेली होती. दारात काकी उभी. केस पिकले होते, कुंकू तसंच ठसठशीत. काखेत गाठोडं. ती आत आली, माझ्या बाजेजवळ बसली आणि गाठोडं मांडीवरच ठेवलं. वास आला. इतक्या वर्षांनी तोच, तंबाखूचा.

"त्या सालचे हायत," काकी म्हणाली. "तुह्या बहिनीसाठी धुऊन ठेवले होते. कोनी आलंच नाई मांगाले." मग म्हणाली, "तू पिंपळामांगं बसत होती ना वं? मले मांगच्या दारातून दिसे. मी म्हनो, पोरगी आता येईन, मंग येईन."

मी बाळाचं पांघरूण सारखं करू लागले.

"मांग," ती म्हणाली. "मले न मांगता देता येत नाई."

सुपात ज्वारी होती. मी बाजेवरून हात लांबवून मूठ भरली, तिच्या पदरात टाकली. म्हणाले, "काकी, जुनं धोतर हाय का?"

"हाय वं माय," ती म्हणाली आणि गाठोडं माझ्याकडं सरकवलं. तिच्या डोळ्यांना पाणी होतं. तेवढ्यात माय ओल्या लुगड्यानं दारात आली. तिनं काकीला पाहिलं, गाठोडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.  मग धुण्याची पाटी खाली ठेवली, आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि काकीपुढं बसली.

"जाऊ द्या, मोठ्या बाई," माय म्हणाली. "त्या तेजीत समद्यायचंच मन लहान झालं होतं. तुमचंच काहून धरून बसू? मी माफ केलं."

काकी काही कळत नसल्यासारखी तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं हळूच माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मला सगळा जन्म तेवढा वाटला. मी बोलेन म्हणून ती वाट पाहत होती, जशी त्या दिवसांत मागच्या दारातून पाहत होती.

मग तिनं मायच्या पुढं कपाळ केलं आणि म्हणाली, "हो वं बाई. चुकलंच माहं."

मायनं तिला कुंकू लावलं. त्या दोघी मग धाकटीविषयी बोलत बसल्या, डोळे पुसत, मध्येच हसत. ती कशी वासावरून घरं ओळखायची ते माय सांगत होती. काकीला ते माहीत नव्हतं. "माह्या घरचं ओळखे?" तिनं विचारलं. "सगळ्यायच्या आधी," माय म्हणाली.

बाळ रडायला लागलं. माय म्हणाली, "घे तिले." मी घेतलं. काकीनं गाठोड्यातलं वरचं धोतर काढून दोन घड्या करून तिच्या अंगाखाली सरकवलं, आणि मी बोलायची वेळ टळून गेली.

पुढं काकी गेली, तिच्या मागून तीन वर्षांनी माय. जाताना मायनं काकीचं नाव काढलं होतं. मोठ्या मनाची बाई, एकदाच चुकली, असं म्हणाली. मी तिचे पाय चेपत होते. मी "हो" म्हणाले.